हरकत आणि आपत्ती

सीमाभाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी ही नावे उभी राहतात. मराठी मुलखाला उत्तरेकडेही एक सीमा आहे, याचा मात्र आपल्याला सहसा विसर पडतो. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सौंसर लागते. त्याच तालुक्यात मोहगाव आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नव्या राज्यात एकटी हिंदी उरली. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. लोकांच्या घरात आणि शिवारात मराठी आजही आहे. कचेरीतील कागद तेवढा हिंदी आहे.

हा कागद जमिनीच्या भवितव्याचा असला म्हणजे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

मध्य प्रदेशात ‘नगर तथा ग्राम निवेश अधिनियम’ 1973 सालचा आहे. ज्या गावासाठी या कायद्याखाली विकास योजना होते, तेथे कोणती जमीन शेतीची, कोणती घरांची, कोणती कारखान्यांची हे नकाशावर ठरते. ठरलेले बदलायचे झाल्यास कलम 23-क आहे. त्याखाली शासन स्वतःहून किंवा कोणाच्या विनंतीवरून योजनेत फेरफार करू शकते. त्याची सूचना दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस छापायची, एक प्रत कलेक्टर कचेरीत लावायची आणि पंधरा दिवसांत लोकांचे लेखी म्हणणे मागवायचे, अशी रीत आहे. सीमेच्या अलीकडे, काटोल-नरखेडकडे, महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातील कलम 37 अशाच कामाला एक महिना देते.

आता त्या सूचनेची भाषा पाहा. योजनेतील बदलाला तेथे ‘उपांतरण’ म्हणतात आणि शेतजमीन बिनशेती करण्याला ‘व्यपवर्तन’. हे शब्द हिंदी भाषकालाही अडखळवणारे आहेत. पण खरी गंमत पुढेच आहे. लोकांकडून मागवल्या जातात त्या ‘आपत्ति एवं सुझाव’. मराठी माणसाच्या लेखी आपत्ती म्हणजे पूर, दुष्काळ, गारपीट! आपण जिला हरकत म्हणतो, तिला तेथील कागद आपत्ति म्हणतो. मोहगावच्या शेतकऱ्याला बाजारची हिंदी उत्तम येते, हे खरे. परंतु बाजारची हिंदी निराळी आणि राजपत्राची निराळी. हरकतीचे पंधरा दिवस कळण्यापूर्वीच सरले, तर ती सूचना त्याच्यापुरती खरोखरच आपत्ती ठरते.

कोणी म्हणेल, जमीन ज्याची त्याची. त्याने संत्री लावावीत की प्लॉट पाडावेत, यात शेजाऱ्याने का पडावे? हा आक्षेप वरवरचा नाही. शेतीत भागत नाही म्हणून जमीन विकणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय याच तालुक्यात बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यामुळे हातांना काम मिळते हेही कोणी नाकारणार नाही. पण संत्र्याचे झाड लावल्यापासून फळ धरीपर्यंत चार-पाच वर्षे जातात, आणि पुढे कित्येक वर्षे ते विहिरीच्या पाण्यावर जगते. बाग लावणारा शेजारची जमीन शेतीचीच राहील या भरवशावर लावतो. शेजारी वसाहत आली की ओढ्याची वाट बदलते, भूगर्भातील पाण्याला नवे वाटेकरी येतात, बैलगाडीच्या रस्त्यावरून मालट्रक धावू लागतात. योजना म्हणजे साऱ्या गावाने एकमेकांना दिलेला शब्द आहे. तो एकाच्या विनंतीवरून बदलायचा, तर कारण सांगण्याचा भार विनंती करणाऱ्यावर असला पाहिजे.

हा भार आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. 2018 साली त्या राज्याच्या जमीन महसूल संहितेत दुरुस्ती होऊन व्यपवर्तनासाठी पूर्वी लागणारी उपविभागीय अधिकाऱ्याची परवानगी गेली. योजनेशी सुसंगत असेल, तर मालकाने आकारणी भरून कळवले की काम झाले. खेटे वाचले, हे चांगलेच. पण आता अडवणारी चौकट एकच उरली, ती म्हणजे योजना. तीच सैल झाली तर कुंपणाने शेत खाल्ल्यासारखे होईल.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना बंगळूरचे एक प्रकरण आठवत असेल. राजमहल विलास वस्तीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. रुग्णालय हे वाईट काम नव्हे. पण चांगल्या कामासाठीही सर्वांची जागा परस्पर देता येत नाही, हा त्याचा धडा. गोव्यात 2006 साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे 2007 मध्ये शासनाला मागे घ्यावा लागला. दोन्हीकडे लोकांना कागद वाचता आला, म्हणून ते उभे राहिले.

तेव्हा अशी मागणी आली की चार प्रश्न विचारावेत. जमीन शेतीची ठरवली ते कारण आज संपले आहे काय? पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार? रस्त्याचा खर्च कोणाच्या माथी? आणि हाच बदल उद्या शेजाऱ्याने मागितला, तर त्यालाही देणार काय? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर असेल, तर तो बदल गावाचा नसून एका माणसाचा आहे.

सूचना गावात दवंडीने आणि मराठीतही द्यावी, सुनावणी गावातच व्हावी, ही मागणी फार मोठी नाही. तोवर एक आधार हाताशी आहे. संविधानाचे कलम 350 प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. मोहगावची हरकत मराठीत लिहिता येते. तशीच सीमेवरच्या दुसऱ्या एखाद्या गावची कन्नडमध्ये.

विद्यार्थी मित्रहो, आपण दोन भाषांच्या महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा चावडीवर लागलेला कागद मोठ्याने वाचून दाखवा, त्याचा अर्थ सांगा आणि मुदतीची तारीख खडूने भिंतीवर लिहा. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे काम सोपे आहे.