बुद्ध्यांक ७८, पण कितव्या दिवशी?

आमचं नाशिक म्हणजे 'वाइन कॅपिटल'. पाहुणे आले की आम्ही त्यांना गंगापूर धरणाकडच्या वायनरीत नेतो. पण ह्याच गावात कुणाचं पिणं हाताबाहेर गेलं की विषय एका वाक्यात संपतो: 'त्याचं डोकं गेलं.' ह्या वाक्याला कधीकधी आकड्याचा टेकूही मिळतो. माझं भांडण त्या आकड्याशी आहे.

नात्यातले एक काका, सातपूरला फिटर. उपचाराला दाखल केल्यावर पाचव्याच दिवशी त्यांची चाचणी उरकली. बुद्ध्यांक ७८. घरच्यांनी तो कागद जपून ठेवलाय आणि काकांचं पासबुक काढून घेतलंय.

आता पाचव्या दिवशी माणसाची अवस्था काय असते? हात थरथरतात, झोप उडालेली, वर डायझेपामसारख्या गोळ्या, ज्या स्वतःच स्मरणशक्ती मंद करतात. सर्व्हर रीबूट होत असताना बेंचमार्क चालवून 'मशीन भंगारात काढा' म्हणणाऱ्याला आम्ही ऑफिसात चहासुद्धा पाजणार नाही! दारू सुटल्यावर काही आठवड्यांत बरंच भरून येतं, काही गोष्टींना महिने लागतात. सगळं परत येतंच असं नाही. पण ते कळायला पुन्हा मोजावं लागतं ना?

शिवाय बुद्धी आणि स्मृती एकच नव्हे. कोर्साकोव्ह ह्या रशियन डॉक्टरने १८८७ मध्ये वर्णन केलेला आजार घ्या. (मुळाशी ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव, पिणाऱ्याचं जेवण सुटतं, तिथून सुरुवात.) असा माणूस शब्दांचे अर्थ नीट सांगतो, बुद्ध्यांक ठीकठाक येतो, आणि सकाळी भेटलेला डॉक्टर दुपारी आठवत नाही. म्हणजे एकच आकडा एकाला उगाच मारतो, दुसऱ्याला उगाच तारतो. चंदीगडच्या पीजीआयमध्ये प्रसाद आणि विग यांनी १९७७ साली स्मृतीसाठी १० भागांची वेगळी चाचणी बनवली, ती काय हौस म्हणून? त्यात जुनं आठवणं, ताजं आठवणं, लक्ष लागणं, सगळं सुटं मोजतात.

तेव्हा रिपोर्ट देणाऱ्याला बिनधास्त विचारा: शेवटचा घोट कधीचा? गोळ्या कुठल्या चालू? शिक्षण किती? पुन्हा कधी मोजणार? (तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली की मार्क वाढतात, मान्य. पण ते सांभाळून घेणं मानसशास्त्रज्ञांना शिकवलेलं असतं.) आणि खर्चाचं कारण नको. लागतं काय? कागद, पेन्सिल, थोडी चित्रांची कार्डं आणि एका जाणत्या माणसाचा थोडा वेळ.