पराभवाची पाटी

बंगळुरात अलसूर तळ्याजवळ एक रस्ता आहे, असाये रोड. कंपनीच्या बसने तिथून कितीतरी वेळा गेलो, पण डोक्यात काही पेटलं नाही. एकदा बस ट्रॅफिकमध्ये अडकली, पाटी निवांत वाचली आणि उडालोच. अरे, ही तर आपली असई! आमच्या जालना जिल्ह्यातली, भोकरदनजवळची.

थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या पट्ट्यात. समोर कंपनीचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वाटाडे म्हणाले, केळणेला इथे उतार नाही. याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, म्हणजे लोक जा-ये करत असणारच. पिंपळगावाशी उतार सापडला आणि लढाई फिरली.

पण स्वस्तात नाही फिरली. शिंद्यांचे गोलंदाज (क्रिकेटवाले नव्हेत, तोफवाले) संगिनी अंगावर आल्या तरी तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि गोऱ्यांची ओळ पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा तिच्या पाठीत डागल्या. पुढे वेलस्लीला कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती? तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला.

आता हिशोब बघा. कंपनीकडचे मेले ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. बेपत्तासुद्धा मोजलेत! आणि आपले? मैदानात सुमारे बाराशे. हा अंदाजही वेलस्लीचाच. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. लॉग ज्याच्या सर्व्हरवर, त्याचंच म्हणणं खरं. त्यांनी लॉग ठेवला, ७४ व्या हायलँडर्स पलटणीला 'असई' लिहिलेलं खास निशाण दिलं, रस्त्यांना नाव दिलं. आपण काय केलं?

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मुद्दाम मोटरसायकल काढून तिकडे गेलो. चांगली शेती आहे, नदीत पाणी होतं. लढाई कुठे झाली हे सांगणारी पाटी मला वाटेत एकही दिसली नाही. घरी येऊन काकांपाशी कुरकुर केली, तर ते म्हणाले, "हरलेल्या लढाईची कसली पाटी लावतो रे?"

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. काका, पानिपत आपण जिंकलो होतो का? तरी तिथे काला आंबला स्मारक आहे, आणि कुणाचा धुव्वा उडाला की आपण अजून 'पानिपत झालं' म्हणतो. १७६१ चा पराभव आपण भाषेत जपला. मग १८०३ चा का नको? बरं, तो लहान होता म्हणावं तर तेही नाही. त्याच वर्षाच्या शेवटी सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि शिंद्यांच्या हातून दिल्ली-आग्र्याचा मुलूख गेला.

दुसरं टोकही मला माहीत आहे. 'इंग्रजांची नावं पुसा' म्हणणारे. याच बंगळुरात १७९१ च्या वेढ्यात पडलेल्या कंपनीच्या लोकांचा स्तंभ होता, तो १९६४ साली हटवला. असाये रोडचं तसं करावं असं मला अजिबात वाटत नाही. मद्रास सॅपर्सचं ठाणं त्याच भागात आहे आणि त्यांचे पूर्वज, मद्रास पायोनियर्स, असईला लढले होते. ते त्यांच्या माणसांची आठवण ठेवतात. त्यांची पाटी काढून आपल्या माणसांची मोजणी होणार आहे का?

आणि 'आपली माणसं' म्हणजे कोण, हेही जरा सांभाळून. शिंद्यांच्या कवायती पलटणींमध्ये पुरबिये भरपूर, वर नेमलेला पोलमन हा जर्मन. म्हणून त्यांना परकं म्हणायचं? मेले ते आपल्या मातीत, आपल्या निशाणाखाली. त्या तोफांपाशी पडलेल्यांना गाव, जात, भाषा विचारायला आज तरी जाऊ नये.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. पुतळा नको, कमान नको, उद्घाटनाला मंत्री तर नकोच. तीन पाट्या हव्यात. एक पिंपळगावच्या उताराशी, एक असईच्या वेशीवर, एक तोफांची रांग होती त्या बाजूला. मराठीत तारीख, नद्यांचा नकाशा आणि दोन्हीकडच्या मेलेल्यांचे आकडे. आपल्या आकड्यापुढे खरं तेच लिहा, 'नक्की कुणी मोजले नाहीत'.

हे वाचून लाज वाटली तर वाटू द्या. माझ्या मते पाटीचं निम्मं काम तिथेच झालं.

असो. सोमवारी परत असाये रोडवरून जायचंय.