ओवी ऐकली, पाठ पाहिली नाही

जात्यावरच्या ओवीविषयी आपल्याकडे भरभरून लिहिले गेले आहे. पहाटेचा प्रहर, मिणमिणता दिवा, जात्याची घरघर आणि तीत मिसळलेला मायेचा सूर, हे चित्र रंगवताना लेखणी हळवी होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मराठीवरचे मोठेच ऋण. पण जात्याचे गोडवे गाणाऱ्यांत खुंटा हाती धरलेले फार थोडे. आपण ओवी ऐकली. ती गाणारीची पाठ मात्र पाहिली नाही.

ही पाठ फार जुन्या काळापासून दुखते आहे. गालील सरोवराकाठी ओहालो येथे रानटी धान्य दळल्याच्या खुणा असलेला, सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचा दगड सापडला. म्हणजे शेतीच्याही आधी दळण होते. सीरियातील अबू हुरेरा हे प्राचीन गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथल्या सांगाड्यांचा थेया मोलेसन यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पायाच्या अंगठ्याचे झिजलेले सांधे, गुडघ्यांवरच्या खुणा, कंबरेच्या मणक्यांची दुखापत. आणि हे सारे मुख्यतः स्त्रियांच्या हाडांवर. गुडघे टेकून, बोटे दुमडून, तासन्‌तास दगडावर दगड घासल्याची ही निशाणी होती. आपला पाटा-वरवंटा त्याच कुळातला.

फिरते जाते आले तेव्हा पुढे-मागे घासण्याचे कष्ट कमी झाले, तरी हात बाईचेच राहिले. पाणचक्की आली तेव्हा अँटिपेटर या ग्रीक कवीने दळणाऱ्या मुलींना आता विसावा मिळेल म्हणून आनंद व्यक्त केला होता. आपल्याकडे हा विसावा यायला इंजिनाची आणि विजेची गिरणी यावी लागली. तेव्हा यंत्राने ओवी मारली, असा गळा काढण्याचे कारण नाही. ज्या बायकांची पहाट सुटली, त्यांनी गिरणीविरुद्ध तक्रार केल्याचे कोणी ऐकले आहे काय?

मग तक्रारीला जागाच नाही का? आहे, पण ती यंत्राशी नव्हे, चाळणीशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टच्या गिरण्यांनी पोलादी रुळांची पद्धत नावारूपाला आणली. दगड दाणा सबंध भरडतो. रूळ तो उकलतात, म्हणून कोंडा आणि अंकुर सहज वेगळे काढता येतात. अंकुरातले तेल खवट होते. ते गेले की पीठ टिकते, दूर पाठवता येते. व्यापाराची सोय झाली, शिवाय पांढऱ्या पिठाला प्रतिष्ठा होतीच. पण दाण्यातली जीवनसत्त्वे आणि चोथा बव्हंशी याच भागांत असतो.

तांदळाने हा धडा आधीच दिला होता. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात दिसले, की सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ब्रिटनने १९४२ साली, युद्धाच्या टंचाईत, गव्हाचा ८५ टक्के भाग पिठात ठेवणारी पाव-रोटी सक्तीची केली. हेतू जहाजांतली जागा वाचवण्याचा होता. पण त्या पावात पोषण राहिले. शांतता आली, पुरवठा सुधारला आणि लोक पुन्हा पांढऱ्या पावाकडे वळले!

या दोन टोकांच्या मधली वाट आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. डबा घेऊन जायचे, ‘ज्वारीवरच टाका हो’ असे बजावायचे आणि गरम पीठ घेऊन यायचे. धान्य आपण निवडलेले, कोंडा आत राहिलेला, आणि पाठ कुणाचीही मोडलेली नाही. चार हजार पिढ्यांच्या नव्हे, पण शेकडो पिढ्यांच्या कष्टांनंतर हाती आलेली ही सोय आहे. पाकिटातल्या पिठाच्या आणि मैद्याच्या मोहात ती आपण मुकाट्याने बंद पडू देणार काय? जाते दिवाणखान्यात शोभेला मांडण्यापेक्षा गिरणीवाल्याकडे दळण टाकावे. आणि तो डबा दर वेळी घरातल्या बाईनेच उचलावा, असेही कुठे लिहिलेले नाही.