गेटाच्या बाहेरचं विष

कारखान्याच्या गेटावरचा हिरवा बोर्ड वाचायला शिका. आयएसओ १४००१. खाली इंग्रजीत हवापाणी सांभाळण्याची शपथ. आपण त्याला सरकारी समजतो. तो सरकारी नाही. कारखानदारानं आपल्या मर्जीनं घेतलेलं सर्टिफिकेट आहे ते, आणि तपासणाऱ्याची फी तोच भरतो. पाटलाच्या वाड्यात जेवायचं आणि पाटलाचाच पंचनामा करायचा.

हे मानक १९९६ साली आलं. २००४ आणि २०१५ साली सुधारलं. धोरण लिहा, उद्दिष्टं ठरवा, कायदा पाळायचं कबूल करा, नोंदी ठेवा, तपासा, चुकलं ते दुरुस्त करा. यात वाईट काही नाही. नीट राबवलं तर आतल्या कामगाराच्या छातीत धूर कमी जाईल, हे मी मानतो. पण नाल्यात अमुक इतकंच विष सोडा, असा एक आकडा त्यात नाही. पद्धत हाये, माप नाही. म्हणून सर्टिफिकेट भिंतीवर झळकतं आणि मागचा नाला काळाच राहू शकतो.

आणि गेटाच्या बाहेर? मी गोदीत ड्रम ओढतो, कवटी छापलेले. असला माल कारखान्यात जातो, बाटलीत भरतो, आणि बाटली माझ्या बाभुळगावात येते. तिथं तिला औषध म्हणतात. विषाला औषध!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो माणसं विषबाधेनं दवाखान्यात पडली. वीसच्या वर मेली. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारा वर धरायचा, तो आपल्याच तोंडावर यायचा. मेले ते लहान शेतकरी आणि रोजानं पंप उचलणारे भूमिहीन. वर दोष त्यांचाच : मास्क का नाही लावला, हातमोजे का नाही घातले? ऑक्टोबरच्या उन्हात रबरी हातमोजे! या शहाण्यांनी एक दिवस पंप पाठीवर घेऊन दाखवावा.

फवारलेल्या विषांत डायफेन्थियुरॉनचं नाव आलं. स्वित्झर्लंडनं ते २००९ सालीच आपल्या यादीतून काढलेलं. २०२० साली यवतमाळच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी सिंजेंटावर दावा घेऊन बासेलपर्यंत गेले. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

आता त्यांच्याच मानकाला धरा. २०१५ची आवृत्ती म्हणते, कच्च्या मालापासून शेवटच्या विल्हेवाटीपर्यंत वस्तूच्या सगळ्या आयुष्याचा विचार करा. मग फवारणाऱ्याचं फुप्फुस त्या आयुष्यात येतं की नाही? की बेंबळेच्या काठी पडलेली रिकामी बाटली कारखान्याची कुणीच लागत नाही?

प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाच भरावा लागतो. पाणी किती वापरलं, काय सोडलं, घातक कचरा किती निघाला, सगळं त्यात येतं. बोर्ड नको, हा कागद मराठीत गेटावर लावा म्हणावं. ऐन फवारणीच्या दिवसांतली ती तारीख आहे. त्यात आणखी एक रकाना पाहिजे : तुमचा माल फवारताना किती माणसं पडली. आकडा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून आणा आणि भरा.