हाफ टाइमला १०१!

‘एवढी उंच आहेस, बास्केटबॉल खेळतेस का?’ शाळेत हाच प्रश्न ऐकून ऐकून लिसा लेस्लीला त्या खेळाचाच राग यायचा. आई ट्रक ड्रायव्हर, महिनोन्‌महिने हायवेवर. अशा घरातल्या या पोरीने ७ फेब्रुवारी १९९० ला, लॉस एंजलिसजवळच्या इंगलवुडमध्ये, शाळेच्या मॅचच्या पहिल्या हाफमध्येच १०१ पॉइंट्स ठोकले! शेरिल मिलरचा १०५ चा रेकॉर्ड अगदी समोर दिसत होता. पण हाफ टाइमनंतर समोरची टीम कोर्टवर आलीच नाही. (खरं सांगा, तुम्ही आला असतात?) रेकॉर्ड हुकला तो हुकलाच. पुढे १९९६ चं ऑलिम्पिक गोल्ड, १९९७ मध्ये नव्याकोऱ्या डब्ल्यूएनबीएत स्पार्क्सची जर्सी. आणि ३० जुलै २००२ ला या लीगमधला पहिलावहिला डंकही बाईंच्याच नावावर!