मेनू ठरवण्याआधी शेगड्यांची जागा ठरवा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांग सुरू होईल. कार्यालयं, लॉन्स ठरली असतील, केटररबरोबर बैठकाही चालू असतील. वधूवरांच्या आईवडिलांना आणि मांडवात धावपळ करणाऱ्या मामा-काकांना कळकळीची विनंती आहे: रिसेप्शनच्या मेनूवर शिक्कामोर्तब करण्याआधी विचारा, डोसा, जिलेबी, पावभाजीच्या शेगड्या नेमक्या कुठे पेटणार?

पूर्वी आचाऱ्यांच्या भट्ट्या कार्यालयामागे पत्र्याच्या शेडखाली असत आणि पंगतीत फक्त पातेली येत. लाइव्ह काउंटरमुळे तीच भट्टी पाहुण्यांच्या गर्दीत आली. पाहुण्यांना गरम घास मिळावा ही हौस योग्यच आहे. पण उकळत्या तेलाच्या कढईपासून हातभर अंतरावर पैठणीचे पदर आणि पळापळी खेळणारी पोरं असतात, आणि वर-मागे झुलतं ते झटकन पेट घेणारं कृत्रिम कापड.

हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 रोजी एका लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन चालू असताना मांडव पेटला. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुलं. तिथली आग शेगडीची नव्हती, विजेची होती. पण वरचं जळतं कापड अंगावर कोसळलं आणि गर्दीला बाहेर पडायला वाट पुरली नाही. आपल्या मांडवात कापड तेच असतं, गर्दीही तशीच असते आणि त्यात आपण आपल्या हातानं जाळ पेटवतो.

म्हणून पेटत्या शेगड्यांचे काउंटर उघड्या आकाशाखाली, कापडापासून दूर आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला लावा. टेबलाची झालर तर काढायलाच लावा. गॅसची टाकी दिसू नये म्हणून ती झालरीआड लपवतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खालीच साचतो आणि ठिणगीची वाट पाहत राहतो. टाकी बाहेर, उभी आणि मोकळ्या हवेत हवी. नळीला भेगा नाहीत ना, हे घरच्या कुणीतरी स्वतः पाहावं. कढईजवळ तिला बसेल असं झाकण आणि अग्निशामक नळकांडं ठेवा. पेटत्या तेलावर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकून गॅस बंद करायचा, हे वाढप्यांनाही आधीच सांगा. मुलांसाठी वेगळी रांग नको. त्यांची ताटली मोठ्यांनीच आणावी.

आणि धुराचं पान, धुराची बिस्किटं मेनूतून आजच काढा. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो. उणे 196 अंशांचा हा द्रव वायू होताना सुमारे सातशे पट फुगतो. पुरता उडून जाण्याआधी पोटात गेला, तर जठर फाटू शकतं. 2024 मध्ये बेंगळुरूत लग्नाच्या रिसेप्शनला असं पान खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. मुलं या काउंटरभोवतीच घोळका करतात आणि धूर निघतोय तोवरच घास तोंडात टाकतात. कितीही सराईत माणूस उभा केला, तरी हा धोका घेऊ नका.

ज्यांचं कार्य पुढच्या आठवड्यात आहे, त्यांनी आज संध्याकाळीच केटरर आणि मांडववाला या दोघांना एकत्र कार्यालयात बोलवा. काउंटरच्या जागा खडूनं आखून घ्या, बाहेर पडायच्या सगळ्या वाटा स्वतः चालून पाहा आणि बंद दारांची कुलपं उघडून घ्या.