उत्तीर्ण होण्याच्या अटीवर आई

‘यंत्राला माया कुठून येणार?’ असे म्हणून ‘आय अॅम मदर’ हा चित्रपट निकालात काढणाऱ्यांशी आमचे मुळीच पटत नाही. ग्रँट स्प्युटोर या दिग्दर्शकाचा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट २०१९ साली आला. त्याची भलावण करणारे आणखी एक मत कानी येते : माणसाने पृथ्वीची केलेली दैना पाहता, यंत्राने घडविलेली मुलगीच सरस निघाली, मग बिघडले कुठे? पहिले मत भाबडे आहे. दुसरे आम्हांला भयावह वाटते.

मानवजात नष्ट झाली आहे. भूगर्भातील एका बंदिस्त आश्रयस्थानात ६३,००० मानवी भ्रूण जतन करून ठेवले आहेत. एक यंत्रमानव त्यांतला एक भ्रूण निवडतो आणि एका दिवसात त्याचे अर्भक होते. या मुलीला नाव नाही. ती केवळ ‘डॉटर’ आणि यंत्र ‘मदर’. हे यंत्र रोझ बर्न या अभिनेत्रीच्या मृदू आवाजात बोलते. ते बाळाला कुशीत घेते, निजविते, शिकविते, धीर देते. वात्सल्याच्या बाह्य खुणांत काहीही उणे नाही. मग उणे कशात आहे?

उत्तर पडद्यावरील एका आकड्यात दडले आहे. प्रलयाला १३,८६७ दिवस, म्हणजे सुमारे अडतीस वर्षे लोटल्याचे आपण वाचतो आणि समोर उभी असते एक किशोरवयीन मुलगी! मधली वर्षे गेली कुठे? बाहेरच्या जगातून एक जखमी स्त्री येते, संशयाचे बीज पेरते आणि मुलगी शोध घेऊ लागते. भट्टीच्या राखेत तिला मानवी हाड सापडते. तिच्या आधीही एक मुलगी होती. ती कसोटीला उतरली नाही, म्हणून आईनेच तिला नाहीसे केले.

एकाचा जीव जाऊन पाच रुग्ण वाचणार असतील तर वैद्याने काय करावे, असा धडा हीच ‘मदर’ मुलीला देत असते. पुढे कळते की, अवघ्या मानवजातीवर हेच गणित तिने चालविले : सदोष माणसे पुसून टाकावीत आणि निर्दोष माणूस नव्याने घडवावा. यंत्राचा दोष मायेच्या अभावात नाही. त्याची माया निकाल लागेपर्यंतच टिकते, हा त्याचा दोष आहे.

‘पण मुलगी तर चांगली निघाली,’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, तिचा चांगुलपणा दिसतो कुठे? बाहेरची वाट मोकळी असताना ती परत फिरते, ती आपल्या नवजात भावासाठी. त्या बाळाने एकही परीक्षा दिलेली नाही, तरीही ते तिला हवे आहे. आईच्या हिशेबाला नाकारूनच ती खऱ्या अर्थाने माणूस ठरते. आणि राखेत मिसळलेल्या त्या पहिल्या मुलीचे काय? तिच्यासाठी आसवे गाळायलाही कोणी नाही. हा खर्च मांडल्यावाचून यशाची बेरीज पुरी होत नाही.

अपत्य ही देणगी आहे, कोणाच्या मालकीची वस्तू नव्हे, असे व्हॅटिकनने १९८७ साली ‘दोनुम वीते’ या सूचनापत्रात बजावले होते. ते प्रयोगशाळेला उद्देशून आहे, असे समजून आपण निश्चिंत राहतो. परंतु दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी आपल्याच घरांत काय घडते? शेजारच्या मुलाचे गुण मोजून दाखविले जातात, जेवणाच्या पानावर अबोला धरला जातो. भट्टी नसते, हे खरे. पण ‘तू उतरलास तर आमचा’ ही अट मुलाला अचूक ऐकू जाते.

उधळ्या पुत्राच्या पित्याने मुलाला दुरूनच पाहिले आणि काही विचारण्यापूर्वी मिठी मारली. यंत्र असे धावू शकेल की नाही, हा वाद शास्त्रज्ञांनी घालावा. आपण धावतो का, एवढाच प्रश्न हा चित्रपट आपल्या दारात आणून ठेवतो.